चौसष्ट स्क्रूंवरच्या रेघा

आमच्या मंडळात दोन पंथ आहेत. एक टायर चिकटवणाऱ्यांचा, दुसरा स्क्रूने आवळणाऱ्यांचा. मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. रविवारी सकाळी वारज्याच्या टेकडीवर रिमोटचे ट्रक घेऊन येणारी सात-आठ माणसं, सगळी चाळिशीच्या पुढची आणि घरच्यांच्या मते सगळी वाया गेलेली. आमचे ट्रक हातभर लांब असतात. ते पळत नाहीत, दगडांवरून मुंगीच्या पावलांनी चढतात. बघणाऱ्याला पाच मिनिटांत जांभया येतात आणि चालवणाऱ्याची सकाळ कुठे गेली ते कळत नाही.

या ट्रकचं टायर म्हणजे आत फोम भरलेलं मऊ रबर. ते रिमवर नुसतं चढवलं तर पहिल्याच खडकावर निघून येतं. म्हणून एक तर टायरची कड रिमच्या खाचेत बसवायची आणि खाचेत पातळ सुपर ग्लू सोडायचा. काम अर्ध्या तासाचं, चाक हलकं, पण एकदा चिकटलं की चिकटलं. नाही तर बीडलॉकची रिम घ्यायची. तिच्यात टायरची कड रिम आणि धातूची एक रिंग यांच्यामध्ये दाबून धरतात आणि रिंग बारीक स्क्रूंनी आवळतात. चाक जड होतं, वेळ जातो, पण मनात येईल तेव्हा उघडता येतं. माझ्या रिमला एका बाजूला आठ स्क्रू आहेत. दोन्ही बाजूंचे सोळा, चार चाकांचे चौसष्ट. एकेक स्क्रू साबुदाण्याएवढा.

चिकटवणाऱ्यांचे प्रमुख म्हणजे कोथरूडचे एक निवृत्त दंतवैद्य. "तीस वर्षं लोकांच्या दातांवर टोप्या चिकटवल्या," ते म्हणायचे, "एकही परत आली नाही."

"टोपी परत आली नाही की पेशंट?" मी विचारलं होतं.

"दोन्ही," ते म्हणाले आणि आपला ट्रक पुढे घेतला.

मी स्वतः चाकणकडच्या एका कारखान्यात जुळणी विभागात तपासनीस आहे. रोज कंपनीच्या बसने जातो, बसने येतो. वर्ध्याहून पुण्यात येऊन तीस वर्षं झाली आणि ही तीसही वर्षं दुसऱ्यांनी आवळलेले बोल्ट तपासण्यात गेली. त्यामुळे माझा पंथ जन्मापासून स्क्रूचा असायला हवा होता. पण नव्या ट्रकचे सुटे भाग घरी आले तेव्हा मी चिकटवायचं ठरवलं. दंतवैद्यांनी डोक्यात भरवलं होतं आणि मलाही चौसष्ट स्क्रूंचा कंटाळा आला होता. तेव्हा निवड ही एवढीच सोपी गोष्ट होती.

तो शनिवार होता, दुपारचे चार. बायको खोलीच्या दुसऱ्या टोकाला शिलाई मशीनवर बसली होती. ती साड्यांना पिको-फॉल करून देते, आमच्या तीन इमारतींच्या सगळ्या साड्या तिच्याकडे येतात. मी जेवणाच्या टेबलावर चाक ठेवलं, टायरची कड बोटाने जरा मागे ओढली आणि ग्लूच्या बाटलीचं टोक खाचेवर आणलं. एक थेंब सोडायचा, चाक थोडं फिरवायचं, पुन्हा एक थेंब. शाळेतल्या पोराला जमेल असं काम.

बाटलीचं टोक खाचेवर थांबेना. मी श्वास रोखला, तरी थांबेना. खाच एका जागी आणि टोक तिच्या दोन्ही बाजूंना लपलप हलत होतं. पहिला थेंब टायरच्या नक्षीवर पडला, दुसरा टेबलाच्या प्लास्टिकवर. तिसरा बरोबर पडला म्हणून मी घाईने चौथा सोडला आणि अंगठा नि तर्जनी एकमेकांना चिकटून बसली. बायकोने गरम पाण्याचं भांडं आणलं आणि माझी बोटं त्यात धरली.

"बाटली खराब आहे," मी म्हणालो. "धारच नीट येत नाही."

तिने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असन," ती म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.

थोड्या वेळाने चहा आला, अर्धा कप. हे हल्ली रोजचं झालं होतं. वर्ध्याच्या माणसाला अर्धा कप चहा म्हणजे अपमान असतो, आमच्याकडे बशीत ओघळल्याशिवाय चहा दिला असं कुणी मानत नाही. मी म्हणालो, "तुला पण पुण्याचं पाणी लागलं म्हणायचं." तिने पुढची साडी उचलली. मी अर्धा कप पिऊन टाकला आणि मनातल्या मनात धुसफुसत राहिलो.

बाटली खराब नव्हती. हे मला चौथ्या थेंबालाच कळलं होतं.

माझ्या थोरल्या भावाचं अक्षर अख्ख्या गल्लीत नावाजलेलं होतं. लग्नपत्रिकांवरचे पत्ते लोक त्याच्याकडून लिहून घ्यायचे. साठी यायच्या आत त्याचा उजवा हात थरथरायला लागला. बँकेने त्याची सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत केला तेव्हा तो हसत घरी आला होता. मग बशी वाजायला लागली, मग चहा चमच्याने पाजावा लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता. तीन वर्षांपूर्वी तो गेला. शेवटच्या भेटीत त्याने माझा हात धरला होता आणि मला त्याचा हात माझ्या हातात पाखरासारखा फडफडताना कळत होता. ती फडफड मला अजून आठवते. त्या शनिवारी मला ती माझ्याच मनगटात दिसली आणि मी घाबरलो. दुसरा शब्द नाही त्याला. ती भीती तीन महिने माझ्याबरोबर राहिली.

त्या तीन महिन्यांत मी स्वतःवर तपासनीस नेमला. सकाळी बाथरूमचं दार लावायचं, उजवा हात समोर धरायचा, बोटांवर वर्तमानपत्राचा एक कागद ठेवायचा आणि कागदाची कड किती हलते ते बघायचं. आज कालच्यापेक्षा कमी. आज जास्त. आज झोप झाली नाही म्हणून जास्त. आज झोप झाली तरी जास्त, म्हणजे काय समजायचं? कॅन्टीनमध्ये मी सांबार घेणं बंद केलं. मीटिंगमध्ये हात मांडीखाली दाबून बसायला लागलो. आता माझं काम बरंचसं कॉम्प्युटरवर असतं, बोल्टला हात लावायला तरुण पोरं आहेत, त्यामुळे तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. बायकोला सांगायचं रोज ठरवायचो आणि रोज टाळायचो. भावाला चहा पाजणारी माझी वहिनी तिने पाहिली होती. ते चित्र तिच्या डोळ्यांपुढे आपण कसं उभं करायचं?

अर्धवट चिकटलेलं चाक मी बायकोच्या जुन्या पातेल्यात उकळून सोडवलं. उकळत्या पाण्यात ग्लू हळूहळू सुटतो. स्वयंपाकघरात दोन दिवस रबराचा वास राहिला आणि ते पातेलं कायमचं माझ्या नावावर झालं. मग मी बीडलॉकच्या रिमा मागवल्या, त्या यायला अडीच महिने लागले.

पुढच्या रविवारी टेकडीवर मी व्याख्यान दिलं. चिकटवलेलं चाक म्हणजे आंधळा कारभार, आत फोम कुजला तरी कळणार नाही. बीडलॉकचं वजन खाली राहतं, त्यामुळे ट्रक चढावर उलटत नाही. टायर झिजला की रिम फेकायला नको. सगळे मुद्दे बरोबर होते. खरं कारण मात्र त्यात नव्हतं. खरं कारण असं की ग्लू दुसरी संधी देत नाही. थेंब पडला की पडला. स्क्रू हातातून सुटला तर सुटला, वाकून उचलायचा आणि पुन्हा लावायचा. मला अशी वस्तू हवी होती जी माझ्या हाताला पुन्हा प्रयत्न करू देईल.

"छान बोललात," दंतवैद्य म्हणाले. "निवडणुकीला उभे राहा."

चौसष्ट स्क्रू लावायला मला आठ संध्याकाळी लागल्या. कोपर टेबलावर, मनगट पोळपाटावर टेकवलेलं, डाव्या हाताने उजवा हात धरलेला. एलन कीचं षटकोनी टोक स्क्रूच्या डोक्यातल्या भोकात बसेपर्यंत कपाळावर घाम यायचा. स्क्रू जमिनीवर पडायचे. ते शोधायला मी लोहचुंबक आणलं होतं. बायको मशीनवरून मान वर करून बघायची आणि पुन्हा खाली घालायची. पण स्क्रू घट्ट बसले. त्याबाबत मी माझ्या हाताचे लाड केले नाहीत. प्रत्येक स्क्रू मी दोनदा तपासला.

आणि मग मी घोडचूक केली.

आमच्या कारखान्यात एक रीत आहे. बोल्ट योग्य जोराने आवळला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या भागापर्यंत पिवळ्या मार्करने एक सरळ रेघ मारायची. ती रेघ नसेल तर बोल्ट आवळला असं आम्ही धरतच नाही, तो कितीही घट्ट असू दे. पुढे बोल्ट ढिला होऊन जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पाना लावायला नको, नुसता डोळा पुरे. माझी सगळी नोकरी म्हणजे ही पिवळी रेघ. तिरकी रेघ दिसली म्हणून मी आख्खी गाडी परत पाठवलेली आहे आणि समोरच्याने कितीही हात जोडले तरी ऐकलेलं नाही.

तर सवयीने मी चौसष्टही स्क्रूंवर पिवळ्या रेघा मारल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मंडळात दुसरं कुणी मारत नाही, रेघेचा किस्सा मात्र माझ्या तोंडून सगळ्यांनी दहादा ऐकलेला. रेघा जरा इकडेतिकडे झाल्या हे मला दिसलं, पण मी स्वतःला म्हणालो, मार्करचं टोक जाड आहे. तीन महिने जो हात मांडीखाली लपवला त्याची सही मी पिवळ्या रंगात चौसष्ट ठिकाणी करून ठेवली आणि ती घेऊन टेकडीवर गेलो.

त्या रविवारी माझा ट्रक छान चढत होता. एका मोठ्या खडकावर तो अडला आणि हळूच पाठीवर पडला, चारी चाकं वर. दंतवैद्य सगळ्यांत जवळ होते. ते खाली बसले आणि चष्मा नाकावर सरकवून चाकाकडे बघू लागले.

"अहो तपासनीस," त्यांनी हाक मारली, "तुमच्या कारखान्याच्या गाड्या आम्ही विकत घ्यायच्या का नाही? एकही रेघ जाग्यावर नाही. सगळे स्क्रू ढिले झालेत."

"असं कसं होईल," मी म्हणालो.

त्यांनी खिशातली एलन की काढली आणि एक स्क्रू फिरवून पाहिला. फिरला नाही. दुसरा पाहिला. मग पलीकडच्या चाकावरचा एक, मग आणखी एक. मी रिमोट हातात धरून उभा होतो आणि स्क्रू मोजत होतो. सहाव्या स्क्रूनंतर त्यांनी की खिशात ठेवली. त्यांनी वर पाहिलं ते माझ्या चेहऱ्याकडे नाही, रिमोटवरच्या माझ्या अंगठ्याकडे.

"घट्ट आहेत," ते म्हणाले.

मी टोमण्याची वाट पाहिली. कुठल्याही गोष्टीवर टोमणा न मारता ते राहू शकत नाहीत. टोमणा आला नाही.

ते मला जरा बाजूला घेऊन गेले. "किती दिवस झाले?"

"तीन महिने."

"घरी माहीत आहे?"

"नाही."

"हं." त्यांनी खालच्या हायवेकडे पाहिलं. "हे बघा, कंपवातच असेल असं नाही. हात थरथरायला दहा कारणं असतात, त्यातली निम्मी साधी असतात. पण ते टेकडीवर उभं राहून कळत नाही. माझ्या ओळखीचे एक मेंदूविकाराचे डॉक्टर आहेत, मी गुरुवारची वेळ घेऊन ठेवतो. कागदावर गोल गोल रेघ काढायला लावतील, बोट नाकाला लावायला सांगतील. दुखत नाही काही." मग म्हणाले, "आणि चाकं माझ्याकडे देऊन जा, मी चिकटवून देतो. हे चौसष्ट स्क्रू पुन्हा काढा, पुन्हा घाला, पुढे तुम्हाला..."

त्यांनी वाक्य तोडलं. पण ते मला पूर्ण ऐकू आलं.

"नको," मी म्हणालो. "मला उघडता येणारीच हवीत." माझा आवाज इतका चढला की बाकीच्यांनी वळून पाहिलं. मी ट्रक पिशवीत कोंबला आणि निरोपही न घेता टेकडी उतरलो. त्यांच्यावर चिडायचं काही कारण नव्हतं. पण मी चिडलो होतो, अजूनही ते वाक्य आठवलं की चिडतो.

घरी आलो तेव्हा बायको भाजी आणायला गेली होती. मी एक कागद घेतला आणि गोल गोल रेघ काढायला लागलो. मधून सुरू करून बाहेर जायचं, रेघेला रेघ लागू द्यायची नाही. पहिली गुंडाळी करवतीच्या दात्यांसारखी आली. दुसरी जरा बरी. पेन घट्ट धरलं की कमी हलतं हे लक्षात आलं. हात टेबलावर पूर्ण टेकवला की आणखी कमी. आठव्या-नवव्या गुंडाळीला मी बऱ्यापैकी पोचलो होतो आणि मला बरं वाटायला लागलं होतं, आणि तेव्हाच लक्षात आलं की मी काय करतोय. तपासणीच्या आदल्या दिवशी माल घासूनपुसून ठेवणारे, चांगले नग वर आणि खराब खाली रचणारे पुरवठादार मी आयुष्यभर पाहिले होते. त्यांना मी दारातून हाकललं होतं. आता मी गुरुवारसाठी माझाच हात घासूनपुसून ठेवत होतो.

बायको कधी आली कळलं नाही. चहा ठेवून ती समोर बसली. टेबलावर कागदभर गुंडाळ्या होत्या, शेजारी उलटा ट्रक, त्याच्या चाकांवर पिवळ्या रेघा. मला काही झाकता आलं नाही. मी कपाकडे पाहिलं. अर्धा.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "पूर्ण भरत जा ना कप. काहून असा अर्धा देते रोज?"

ती म्हणाली, "सांडते ना तुमच्या हातून."

पुण्यात तीस वर्षं राहूनही घरात ती वऱ्हाडीच बोलते. इतक्या साधेपणाने तिने ते म्हटलं की मला समजायला वेळ लागला.

"तुले माहीत होतं?"

"धुणं कोण धुते घरात? रोज सदऱ्याच्या पोटावर चहाचे डाग. दिवाळीच्या आधीपासून. अर्धा दिला का सांडत नाही, म्हणून अर्धा."

दिवाळीच्या आधीपासून. मी तीन महिने म्हणत होतो आणि तिच्याकडे पाच होते. मला वाटत होतं मी तिच्यापासून लपवतोय, आणि ती माझ्यापासून माझाच हात लपवत होती, रोज दोन वेळा, अर्धा कप कमी ओतून. मी त्यावर पुण्याच्या पाण्याचे टोमणे मारले होते. मला रडू आलं. मी आवरलं नाही.

"मग बोलली काहून नाही?" मी विचारलं.

"तुमी सांगाल म्हणून थांबली." तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठीक होता. "मले वाटलं, मी आधी बोलली तर ते खरं होऊन जाईल."

मी तिला सगळं सांगितलं. टेकडीवरचं, गुरुवारचं, दंतवैद्यांच्या अर्ध्या वाक्याचंही. ती ऐकत होती आणि एकीकडे तिने ट्रक आपल्याकडे ओढून घेतला होता. एक चाक ती नखाने फिरवून बघत होती, साडीची कड बघते तसं.

"मीच मेहनत वाया घालवली," मी म्हणालो. "रेघाच वाकड्या आहेत. उद्या एखादा स्क्रू खरंच ढिला झाला तर कळणार कसं?"

"कोणती किती वाकडी हाय ते मी पाहून ठेवते," ती म्हणाली. "मग झालं ना." तिने चष्मा चढवला आणि पहिल्या स्क्रूपासून बघायला सुरुवात केली. "आन् आवळायचे असन तर मले द्या. सुईत दोरा ओवते मी दिवसभर, हे काय जड हाय? चिकटवू नका काही."

गुंडाळ्यांचा कागद तिने घडी करून मला दिला. "सगळ्यात वरची दाखवा डॉक्टरले. पहिली. मागच्या नको."

गुरुवार अजून दोन दिवसांवर आहे. हे मी लिहितोय ते हाताने, मुद्दाम, आणि अक्षर काय म्हणतंय ते वाचायला मला भीती वाटते. सकाळी बाथरूममध्ये वर्तमानपत्राचा कागद मात्र आता धरत नाही. तो कागद आता आम्ही स्वयंपाकघरात धरतो, ती बघते आणि मी बघतो, आणि मग दोघंही आपापल्या कामाला लागतो.

त्या रविवारी, हे सगळं बोलून झाल्यावर, मी कप तिच्याकडे सरकवला आणि म्हणालो, "भर." तिने चहाचं पातेलं आणलं आणि काठोकाठ भरला, वर्ध्याला भरतात तसा. मी तो दोन्ही हातांनी उचलला. चहा सांडला, सदऱ्यावर, टेबलावर, थोडा त्या गुंडाळ्यांच्या कागदावर. तिने फडकं आणलं नाही. मी चहा संपेपर्यंत ती समोर बसून राहिली.